पडद्याची वानगी

कॉलेजात प्रवेश मागायला जाताना सोबत बारा फूट रुंदीचा नाटकाचा पडदा घेऊन जाणारा मेहकर तालुक्यातला मी पहिलाच. बहुतेक शेवटचाही. त्यात माझी काही चूक नव्हती, हे आधीच सांगून टाकतो. ही सगळी अक्कल माझ्या मामाची.

आता पोरांची कॉलेजं कशी ठरतात ते मी पाहतो. घरबसल्या मोबाइलवर कॉलेज दिसतं, हॉस्टेल दिसतं, कँटीनमधला समोसासुद्धा दिसतो. आणि तरी पोरगं तोंड पाडून म्हणतं, "मी कन्फ्यूज आहे." मग त्याचे आईबाप पैसे देऊन कोणा शहाण्याला सल्ला विचारतात. मला इतका राग येतो म्हणून सांगू! अरे, कन्फ्यूज म्हणजे काय असतं ते मला विचारा. फुकट सांगतो.

महाराष्ट्र होऊन तेव्हा चार-पाच वर्षं झाली असतील. आमचं गाव जानेफळच्या अलीकडे, सडकेपासून आत. मी मॅट्रिक पास झालो होतो आणि बऱ्यापैकी पास झालो होतो. मायनं गावभर साखर वाटली आणि लोकांनी ती काही संशय न घेता खाल्ली, एवढे मार्क होते. पंचाईत पुढे होती. मला दोन नाद होते आणि दोन्ही सारखेच जबर.

पहिला नाद इंजिनाचा. आमच्या विहिरीवर तेलाचं इंजिन होतं. ते बंद पडलं की मेहकरहून मिस्त्री यायचा. तो आधी जेवायचा, मग झोपायचा, मग उठून इंजिनाकडे बघून च्-च् करायचा आणि पुन्हा जेवायचा. त्याच्या दोन दिवसांच्या मुक्कामात माय थकून जायची. मी त्याच्या मागे उभा राहून सगळं पाहून घेतलं आणि नववीत असताना इंजिन स्वतःच खोललं. जोडून झाल्यावर दोन नट उरले, पण इंजिन चालू झालं. त्यानंतर मिस्त्री काही आमच्याकडे जेवायला आला नाही.

दुसरा नाद रंगांचा. पोळ्याला गावातल्या निम्म्या बैलांच्या पाठीवर माझी नक्षी असायची. शाळेची भिंत, देवळाची कमान, लग्नाचं घर, जिथे पांढरी जागा दिसेल तिथे माझा हात शिवशिवायचा. रंग म्हणजे घरात सापडेल ते. गेरू, हळद, चुना, चुलीवरची काजळी आणि कपड्यांना घालायची नीळ. या निळीपायी आमच्या बाबांचं धोतर वर्षभर पिवळट असायचं. कारण नीळ आणली की ती धोतरापर्यंत पोचायच्या आत माझ्या आभाळात संपायची.

बाबा बोलायचे कमी. बोलले की मात्र विषय संपायचा. निकाल लागल्यावर आठ-दहा दिवसांनी विहिरीवर मला म्हणाले, "इंजनेराचं शिकतो म्हनतं, चित्राचं शिकतो म्हनतं. दोन्ही नाई जमत बे. एक ठेव, एक सोड. पेरनीच्या आधी सांग."

झालं! मला सुचेना. इंजिनापाशी गेलो की वाटायचं हेच ठेवू. घरी आलो, भिंतीवरचा मोर दिसला की वाटायचं याला कसं सोडू? हेडमास्तर म्हणाले, इंजिनियरिंग घे. ड्रॉइंगचे मास्तर म्हणाले, चित्रकला घे, आणि लगेच आपल्या कोटाच्या फाटक्या कोपराकडे बघून म्हणाले, "नको, तू इंजिनियरिंगच घे." एके दिवशी तर इंजिनाच्या खोलीत बसून मी चांगला हमसून रडलो. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून इंजिन चालू करून रडलो.

अशा वेळी उंद्रीहून मामा आला. मामा म्हणजे मायचा थोरला भाऊ. धान्य-कापसाच्या बाजारात त्याचं आयुष्य गेलेलं. आमच्याकडे माल विकायला काढला की आधी अडत्याकडे वानगी न्यायची. मूठभर ज्वारी उपरण्याच्या टोकाला बांधायची आणि अडत्यापुढे मोकळी करायची. तो ती तळहातावर घेणार, फुंकर मारणार, चार दाणे दाताखाली फोडणार आणि मग भाव बोलणार. वानगी न बघता भाव बोलणारा अडत्या आणि वानगी न दाखवता माल विकणारा कास्तकार, दोघंही मामाच्या लेखी चोर.

सगळी हकिकत ऐकून मामा बाबांना म्हणाला, "दाजी, तुमी पोट्ट्यालेच काऊन विचारून राह्यले? ज्वारीले विचारते काय कोनी, तू कोन्या अडत्याकडे जाशीन म्हनून? वानगी न्या. दोन्ही कॉलेजात दाखवा. जो चांगला भाव बोलन त्याले द्या."

"मार्क हायेत ना," बाबा म्हणाले.

"मार्क म्हनजे पोत्यावरची चिठ्ठी. आत काय हाये ते पाहू द्या ना त्याइले."

"मंग वानगी काय न्याची? इंजन नेतं का उपटून?"

मामानं जरा विचार केला आणि म्हणाला, "पडदा."

या पडद्याचं सांगायला पाहिजे. आमच्या गावात दिवाळीनंतर नाटक व्हायचं. राजा, प्रधान, राक्षस, आणि मिशा काढून राणी झालेला एक गडी. पडदे दोन होते, एक रानाचा, एक राजवाड्याचा, आणि ते बदलायला चार माणसं लागायची. त्यातला एक हमखास डुलक्या घ्यायचा आणि राजा राजवाड्यात पोचला तरी मागे अर्धा वेळ रानच. मी काय केलं, मांजरपाटाचे तागे शिवून एकच लांबलचक पडदा केला. त्यावर वर वाघासकट रान रंगवलं, खाली राजवाडा. वर एक गोल लाकूड, खाली एक गोल लाकूड, कडेला सायकलची चेन आणि कडबा कापायच्या मोडक्या यंत्राचं हँडल. हँडल फिरवलं की रान वर जाई आणि खालून राजवाडा येई. एकटा माणूस राज्य बदलू शकायचा. त्या पडद्यात माझं इंजिनही होतं आणि माझी नीळही. मामाचा मुद्दा मला पटला हेच माझं दुर्दैव.

नाटकवाल्या मंडळींनी पडदा दिला, पण दिवाळीच्या आत परत पाहिजे असं बजावलं. बैलगाडीतून सडकेपर्यंत आणला. एस.टी. आली. कंडक्टर खाली उतरून त्या लांबलचक गुंडाळीकडे बघतच राहिला.

"याचं तिकीट लागन," तो म्हणाला.

मामा म्हणाला, "हा काही तुमच्या शिटावर बसत नाई, उभा राहत नाई. टपावर झोपून येऊन राह्यला. झोपल्या मानसाचं तिकीट घेता काय तुमी?"

कंडक्टरनं हात जोडले आणि घंटी मारली.

ते शहर वऱ्हाडातलंच. नाव सांगत नाही, कारण दोन्ही कॉलेजं अजून चालू आहेत आणि मला भांडणं नकोत. स्टँडवरून निघालो. पुढे मामा, मागे बाबा, खांद्यावर पडदा, आणि मधे मी हँडल आणि चेन घेऊन. लोक थांबून बघायला लागले. एकानं विचारलं, "फड कुठी लागला हो आज?"

"कॉलेजात!" मामा ठसक्यात म्हणाला.

कॉलेजात तमाशा म्हटल्यावर मागे माणसं जमायला लागली. आम्ही तंत्र शिकवणाऱ्या कॉलेजाच्या फाटकात शिरलो तेव्हा मागे चांगला घोळका होता आणि त्यातला एक जण बाई कुठे आहे म्हणून विचारत होता. धरणी दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं. शेवटचं मात्र नाही, कारण दुपार अजून बाकी होती.

तिथले साहेब बाह्या सरसावलेले, मिशीवाले, गडगडाटी आवाजाचे. त्यांनी आधी आम्हाला हाकलायचंच ठरवलं होतं. पण मामानं "साहेब, निस्ती वानगी पाहा, घ्याची जबरदस्ती नाई" म्हणत दोन कडुलिंबांच्या मधे पडदा टांगलासुद्धा. मी हँडल मारलं. कर्र-कर्र करत रान वर गेलं, राजवाडा आला. घोळक्यानं शिट्टी मारली.

साहेब तडक पडद्याच्या मागे गेले. ते परत पुढे आलेच नाहीत.

"ही चेन कुणी बसवली? दात किती आहेत? भार कुठे येतो? अडकत नाही?"

"दमट हवा असली की कापड ताणते साहेब, मंग अर्ध्यावर अडकते," मी मागे जाऊन सांगितलं.

"मग काय करतोस?"

"खालच्या लाकडाले बाजूनं एक ठोसा देतो."

साहेब खो-खो हसले. माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "घेतला तुला! पण एक सांग, हे कापड रंगवत कशाला बसलास? कोरं लावलं असतं तरी यंत्र चाललंच असतं."

बाबांचा चेहरा फुलला. मी मात्र चाचरत विचारलं, "साहेब, इथं चित्रं शिकवतेत का?"

"ड्रॉइंग आहे ना! भरपूर आहे. सरळ रेघा. हातानं नाही, पट्टीनं."

"अन् वाघ?"

"वाघ अभ्यासक्रमात नाही," साहेब म्हणाले आणि घड्याळ बघत आत गेले.

दुपारी चित्रकलेच्या शाळेत गेलो. बाई नाही हे कळून घोळका एव्हाना घरी गेला होता. तिथले गुरुजी दाढीवाले, सैल सदऱ्यातले, आवाज असा की पुढे वाकून ऐकावं लागे. त्यांनी व्हरांड्यात पडदा लावू दिला आणि समोर मांडी घालून बसले. मी हँडल फिरवलं, तर कानावर हात ठेवून म्हणाले, "ते आधी बंद कर. बघू दे." पडद्यामागे काय आहे हे त्यांनी विचारलंही नाही. बराच वेळ नुसते बघत राहिले.

"आभाळ छान उतरलंय. हा निळा रंग कुठून आणलास?"

मी काही बोलायच्या आत बाबा म्हणाले, "माह्या धोतरातून." आणि पुरावा म्हणून त्यांनी पिवळट सोगा पुढे केला.

गुरुजींना ते समजायला थोडा वेळ लागला. मग ते रानातल्या वाघाकडे वळले. वाघाशी माझी कधी गाठ पडली नव्हती. मी जे प्राणी जवळून पाहिले होते त्यावरूनच तो काढला होता.

"हा काही वाघ नाही," गुरुजी म्हणाले.

मामा ताडकन उठला. "कसा असन? तो माहा बैल हाये! पट्टे तेवढे वरतून मारले."

गुरुजी इतके हसले की डोळे पुसावे लागले. म्हणाले, "तरीच! तरीच तो असा आपल्याकडे बघतोय. पोराला ओळखीचं जनावर काढता येतं, पुढचं मी शिकवीन. घेतला! तुम्ही म्हणाल तर आजच. फक्त त्या चेन-बिन, तेल-ग्रीस सोडायला लावा त्याला. हात राठ झाला की रेघ मरते."

म्हणजे बघा! सकाळी एकानं घेतलं आणि रंग सोड म्हणाला. दुपारी दुसऱ्यानं घेतलं आणि चेन सोड म्हणाला. दोन्हीकडे पास होऊन मी होतो तिथेच होतो. एक ठेव, एक सोड. मी पुन्हा रडायच्या बेतात होतो आणि इथे आवाज बुजवायला इंजिनही नव्हतं.

मामा पायरीवर मटकन बसला. "अर्धं पोतं यानं उचललं, अर्धं त्यानं. असा सौदा म्या जिंदगीत नाई पाह्यला!"

तेव्हा बाबा पुढे झाले. डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. आमचे बाबा शिकलेल्या माणसापुढे आपण होऊन तोंड उघडत नसत. म्हणाले, "साहेब, राग नका मानू, एक विचारतो. सकाळच्या साहेबानं पडद्याले मागूनच पाह्यलं. तुमी समोरूनच पाह्यलं. दोन्हीकून पाहनारं एखांदं कॉलेज असन काय कुठी?"

मी मॅट्रिक पास, पण हा प्रश्न काही मला सुचला नव्हता. हेडमास्तरांना नाही, ड्रॉइंगच्या मास्तरांना नाही. आम्ही सगळे दोन दारांवर धडका देत होतो आणि तिसरं दार आहे का, हे कोणी विचारलंच नव्हतं.

गुरुजी उठले. पहिल्यांदाच पडद्याच्या मागे गेले, चेनीवरून बोट फिरवून परत पुढे आले. म्हणाले, "आहे. इमारती आखायचं शिक्षण असतं. आर्किटेक्ट म्हणतात त्याला. इमारत समोरून चांगली दिसायला लागते आणि मागून उभीही राहायला लागते. याच्यासारख्याचंच काम आहे ते. पण ते इकडे नाही, मुंबईला आहे."

"घर बांधाले कॉलेज लागते?" मामानं विचारलं.

बाबांनी टोपी घातली आणि पडद्याचं एक टोक खांद्यावर घेतलं.

परतीच्या गाडीत मामानं पडद्याचंही तिकीट काढून टाकलं, यावरून काय ते समजा. मुंबई! आमच्याकडे तेव्हा लोक म्हणायचे, राजधानी नागपूरहून उठून मुंबईला गेली, आपण मात्र आहो तिथंच. नागपुरात निदान सोयरेधायरे होते. मुंबईत आमच्या अख्ख्या गावाचं कोणी नव्हतं. आणि मी घरातला एकुलता एक. शेत बाबांचं, विहीर बाबांची, पुढे ते कोण बघणार होतं? मी खिडकीतून बाहेर बघत होतो आणि मनातल्या मनात मोराला, वाघाला, आभाळाला रामराम करत होतो. इंजिन ठेवायचं असं मी ठरवून टाकलं. बाबांच्या जवळ राहता आलं असतं, अधूनमधून घरी येता आलं असतं. मनातून मात्र मी पार खचलो होतो.

घरी पोचल्यावर मायनं जेवायला वाढलं. बाबा पहिला घास तोंडात घालून म्हणाले, "पेरनी मी करतो. तू मुंबईले जाय."

माझ्या तोंडून निघालं, "अन् इंजन?"

"बंद पडलं त येईन ना मेहकरचा मिस्त्री. जेवीन दोन दिवस."

मायनं माझ्या ताटात आणखी एक भाकर टाकली.

पडदा मुंबईलाही न्यायचा मामाचा विचार होता. बाबांनी तो हाणून पाडला. मी मोकळ्या हातानं गेलो, परीक्षा दिली, आणि त्या कॉलेजानं मला घेतलं. पहिल्या महिन्यात माझ्या बोलण्याला वर्ग हसायचा. "मले", "तुले" म्हटलं की मागच्या बाकावर खसखस पिकायची. पण सकाळी खांबावर किती वजन येतं ते शिकायचं आणि दुपारी त्याच खांबाचं रंगीत चित्र काढायचं, हे ज्या दिवशी कळलं त्या दिवसापासून कोणी किती का हसेना, मला काही वाटेनासं झालं.

दिवाळीला घरी आलो. नाटक होतंच. मी सवयीनं पडद्यामागे जायला निघालो तर बाबांनी अडवलं. "तू पाहुना हायेस. समोर बस. हँडल मी फिरवतो."

आमचे बाबा कधी नाटकाला आले नव्हते. त्यांना ती राणी पसंत नव्हती. मी मामाशेजारी सतरंजीवर बसलो. पहिला प्रवेश रानातला, झकास झाला. मग राजा वाट सापडून राजवाड्यात येतो, तिथे पडदा हलला. कर्र-कर्र करत रान वर गेलं, खालून राजवाड्याचा कळस आला आणि तिथेच थांबला. त्या दिवशी दुपारी शिंतोडे पडून गेले होते. कापड ताणलं होतं.

वर अर्धं रान, खाली अर्धा राजवाडा. वाघ बरोबर कळसावर उभा. लोकांची हसून पुरेवाट झाली. राजाला कुठे बसावं कळेना. चारी बाजूंनी ओरडा सुरू झाला, "अबे, तू उठ ना! ठोसा दे जाऊन!" मी उठलो.

तेवढ्यात बाबा पडद्यामागून पुढे आले. हात ग्रीसनं काळे. गॅसबत्तीच्या उजेडात डोळे मिचकावत, उभ्या गावासमोर. मला हातानं खाली बस म्हणून खूण केली.

"गड्याहो," ते म्हणाले, "ठोसा कुठी द्याचा ते मले सांगून ठेवलं हाये यानं. पन मी देत नाई. म्या याले म्हनलं होतं, एक ठेव, एक सोड. ते माहं चुकलं होतं. आता दोन्ही दिसून राह्यलं त दिसू द्या. राजा, तू बोल तुहं."

आणि ते आत निघून गेले. राजानं बिचाऱ्यानं घसा खाकरला आणि रानात अन् राजवाड्यात एकदमच उभा राहून भाषण सुरू केलं. लोक हळूहळू गप्प झाले. मला समोरचं काही दिसेना. डोळे पुसावे तर ते पुन्हा भरायचे.

मामानं मला कोपरानं ढोसलं. "काऊन बे, रडून काऊन राह्यला?" आणि मग पुढे वाकून, पडद्याकडे डोळे लावून म्हणाला, "माहा बैल पाह्य ना, कसा दिसून राह्यला कळसावर!"